डॉक्टरकाकांचं हवामान

खोली बघायला गेले तेव्हा डॉक्टरकाकांनी मला नोकरी कुठे आहे ते विचारलं नाही, नॉनव्हेज शिजवणार का हेही विचारलं नाही. अर्धवट उघडलेल्या दारात, एका हातात वाचायचा चष्मा धरून त्यांनी विचारलं, "जन्मसाल?"

"सत्त्याहत्तर," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. मागे उभ्या असलेल्या काकूंकडे वळून ते म्हणाले, "सत्त्याहत्तर आहे गं."

"असू दे," काकू म्हणाल्या. "पोरगी थंडीत उभी आहे. आधी आत घ्या तिला."

मला आत घेतलं, सोफ्यावर बसवलं आणि मग पेशंटच्या नातेवाईकांशी बोलावं तशा हळुवार आवाजात काका म्हणाले, "तुझा काही दोष नाही. त्या वर्षी मोझेलला उन्हाळा जेमतेम आला. द्राक्षं आंबट राहिली. पण आंबट म्हणजे वाईट असं नाही हं. चहा घेतेस ना?"

मी नागपूरची. अमेरिकेत येऊन मला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. मोझेल ही जर्मनीतली नदी आहे आणि तिच्या काठच्या उभ्या टेकड्यांवर रीसलिंग नावाच्या पांढऱ्या द्राक्षाचे मळे आहेत, हे मला त्या दिवशी चहाबरोबर कळलं. दुसऱ्या कपापर्यंत हेही कळलं, की समोरचा हा ठेंगणा, घरातही लोकरीची टोपी घालणारा निवृत्त पॅथॉलॉजिस्ट जगातल्या सगळ्या माणसांना त्यांच्या जन्माच्या वर्षी त्या नदीवर ऊन-पाऊस कसा होता त्यावरून ओळखतो. मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत तीन वर्षं राहिले. त्या तीन वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. "सत्त्याहत्तर, टपाल आलंय." "सत्त्याहत्तर, ट्रेन चुकेल."

घर न्यू जर्सीत आयसेलिनजवळ, एका शांत गल्लीत. देशी दुकानांचा ओक ट्री रोड चालत जाण्याइतका जवळ, त्यामुळे काकूंना कढीपत्त्याची चिंता नव्हती. स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, एक आपलं आणि एक मोझेलचं. सकाळी आमचा चहा होईपर्यंत तिकडे दुपार झालेली असायची, आणि काका कॉम्प्युटरवर तिकडचं हवामान बघून आलेले असायचे. त्यावर त्यांचा दिवस ठरायचा. न्यू जर्सीत गुडघाभर बर्फ पडला तरी त्यांना काही नाही. मेमध्ये तिकडे पहाटे पारा उतरला, की यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मेच्या मध्यावर तिकडे थंडीची एक शेवटची लाट येऊ शकते, आणि त्या वेळी वेलींना नुकते कोंब फुटलेले असतात. एका पहाटेत सगळं वर्ष करपून जातं. ते दिवस टळेपर्यंत काका घरात मुक्यानं वावरायचे.

"माझ्या एकादश्या निदान पंचांगात तरी असतात," काकू मला म्हणायच्या. "यांचे उपास थर्मामीटरवर."

काकूंनी स्वतः कधी थेंबही घेतला नव्हता. लग्नाच्या वेळी सासूबाईंना शब्द दिला होता म्हणे, पण मला वाटतं त्यांना मुळात त्यात काही रस नव्हता. तळघरात एका भिंतीला काकांच्या बाटल्या आडव्या झोपलेल्या आणि समोरच्या भिंतीला काकूंचे बटाटे, कांदे, तांदळाची पोती. दोघांचा एकच वाद होता, रविवार दुपारचा. रविवारी जेवणं आटोपली की काका तळघरात बाटली उघडत, आणि त्या वेळात घरात फोडणी द्यायची नाही, उदबत्ती लावायची नाही, मी केसांना तेल लावून खाली यायचं नाही. हिंगाचा वास जिन्यावरून उतरला, की खालून आवाज यायचा, "अगं, खून केलास!"

बाकीच्या वेळी ते शिकवायचे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करून थकून आलेली असले तरी शिकवायचे. "हे बघ, तिथे ऊन म्हणजे लॉटरी. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं हेच नवल. म्हणून उभ्या उतारावर लावतात, खाली नदी, नदीवरून ऊन परत वर येतं. जास्त ऊन झालं की साखर वाढते आणि आंबटपणा मरतो. कमी झालं की आंबटपणाच उरतो. आणि आंबटपणा म्हणजे वाईनचा कणा आहे. कणा नसला की नुसती गोड, लठ्ठ, सोफ्यावर पसरलेली." हे बोलताना ते स्वतः ताठ होऊन बसत.

त्यांचं एक वाक्य सगळ्यांना लागू होतं. "ऑक्टोबर बघून बोल." उन्हाळा कितीही चांगला गेला तरी ऑक्टोबरात आठवडाभर पाऊस लागला तर द्राक्षं वेलीवर सडतात, आणि सगळा उन्हाळा रडत गेला तरी ऑक्टोबरात कोरडं ऊन पडलं तर वर्ष वाचतं. शेजाऱ्याच्या मुलाला कॉलेजात ॲडमिशन मिळाली, ऑक्टोबर बघून बोल. माझ्या मॅनेजरनं माझं कौतुक केलं, ऑक्टोबर बघून बोल.

त्या मॅनेजरच्या बाबतीत ते खरं ठरलं. २००३ च्या वसंतात आमचा प्रोजेक्ट कॅन्सल झाला आणि मी बेंचवर आले, म्हणजे काम नाही, पगार नाही. एच-वन व्हिसावर बेंचवर असणं म्हणजे काय, ते ज्यांनी काढलंय त्यांनाच माहीत. मी खोलीतून बाहेर पडेनाशी झाले. घरी नागपूरला फोन केला की सगळं छान आहे म्हणायचे आणि फोन ठेवला की रडायचे. काकू जेवायला बोलवायच्या, मी भूक नाही म्हणायचे.

एका शनिवारी दुपारी जिन्यातून हाक आली. "सत्त्याहत्तर, खाली ये."

तळघरात काकांनी दोन ग्लास काढून ठेवले होते. बाटलीचं लेबल इतकं डागाळलेलं होतं, की वर्ष वाचता येत नव्हतं. त्यांनी बोटभर ओतली. मी घोट घेतला आणि माझे दात आंबले. चिंचेचं पाणी आणि खडू यांच्या मधलं काहीतरी.

"पासष्ट," काका म्हणाले. "इतकं वाईट वर्ष क्वचित आलं असेल. ही कोणी ठेवत नाही."

"मग तुम्ही का ठेवलीत?"

मग त्यांनी सांगितलं. त्या वर्षी ते सांगलीहून नवे डॉक्टर होऊन मोझेलकाठच्या एका छोट्या हॉस्पिटलात शिकायला गेले होते. एका मळेवाल्याच्या घरात माळ्यावरची खोली मिळाली होती. भाषा येत नव्हती, बटाट्याशिवाय खायला काही कळत नव्हतं, आणि सबंध उन्हाळाभर पाऊस. घरमालक रोज संध्याकाळी मळ्यात जाऊन एक द्राक्ष तोंडात टाकायचा आणि थुंकायचा. ऑक्टोबरात सांगलीहून तार आली. वडील गेले होते. ती हातात पडली तेव्हा तिकडे दिवससुद्धा झाले होते. परत जायचा प्रश्नच नव्हता.

"मी जिन्यावर बसून होतो," काका म्हणाले. "घरमालक म्हातारा आला. त्याला काय झालंय ते कळलं होतं, पण मला समजेल असं बोलता येत नव्हतं. त्यानं माझ्या हातात कात्री दिली आणि मला मळ्यात घेऊन गेला. पाऊस चालूच. ती हिरवी, दगडासारखी द्राक्षं आम्ही दिवसभर तोडली. त्याला पक्कं माहीत होतं की यातून काही चांगलं होणार नाही. तरी तोडली. संध्याकाळी त्याच्या बायकोनं मला गरम सूप दिलं, आणि मग मला रडू आलं."

त्यांनी आपला ग्लास संपवला. तोंड वाकडं केलं.

"बघ, अजून मेलेली नाही. आंबटपणानं धरून ठेवलीय. आता वर जाऊन जेव. काकूंनी भरली वांगी केलीत."

मी जेवले. नोकरी लगेच लागली असं नाही. ती उन्हाळ्यात लागली, आणि तोवर काकूंनी माझ्या भाड्याचा विषय काढला नाही. पण त्या शनिवारनंतर मी खोलीत कोंडून घेतलं नाही.

त्याच उन्हाळ्यात युरोपात भयंकर उष्णता आली. मला नोकरी लागल्याचे पेढे घेऊन मी गेले तर काका फोनवर. त्या म्हाताऱ्या मळेवाल्याचा मुलगा आता मळा बघत होता आणि काका त्याला दर दोन दिवसांनी फोन करत होते. जर्मनमध्ये ओरडून बोलायचे, जणू आवाज थेट तिकडे पोचायला हवा. "द्राक्षं भाजली, अगं, वेलीवर भाजली. ऑगस्टमध्ये साखर भरलीय. तोडणी सप्टेंबरातच करावी लागणार." त्यांना तापानं फणफणलेल्या मुलाजवळ बसल्यासारखं झालं होतं. पुढे दोन वर्षांनी ती बाटली आली तेव्हा त्यांनी चव घेतली आणि मान हलवली. "चांगली आहे. पण घाईत मोठी झालीय. बालपण नाही तिला."

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाला दाखवायला मी आधी काकांकडे आणलं. नागपूरला फोटो नंतर गेला. तो शहात्तरचा निघाला. "शहात्तर!" काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "दुष्काळ, कडक ऊन, सगळा मळा मधासारखा. गोड माणूस आहे गं. पण आंबटपणा थोडा कमी पडेल, तो तू घाल." माझ्या नवऱ्याला आजही वाटतं की ते त्याची पत्रिका बघत होते.

लग्नानंतर आम्ही जवळच अपार्टमेंट घेतलं. रविवारी मात्र मी जायचेच.

२००७ च्या फेब्रुवारीत काका ड्राइव्ह-वेवरच्या बर्फावरून घसरले आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर पडले. हॉस्पिटलात ठेवलं, स्कॅन झाले, सोडलं. सगळं ठीक आहे म्हणाले. काकाही ठीक आहे म्हणाले. कॅलिफोर्नियाहून त्यांची मुलगी येऊन राहून परत गेली.

मार्चमध्ये एका रविवारी मी गेले, दार ढकललं, तर घरभर जळका वास. काकू शेजारी गेल्या होत्या आणि गॅसवर डाळ जळून कोळसा झाली होती. मी गॅस बंद करेपर्यंत छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत, दार सताड उघडं, काका पेपर वाचत बसले होते. अलार्म ऐकून ते दचकून उठले. धूर दिसला तेव्हा त्यांना कळलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पडलो तेव्हापासून," ते म्हणाले. "नाकातून मेंदूकडे जाणारे तंतू फार नाजूक असतात. डोकं जोरात आपटलं की तुटतात. या वयात परत येत नाहीत. माझा रिपोर्ट मीच लिहीन." आणि मग, "हिला सांगू नकोस."

पण काकू दारात उभ्या होत्या. हातात शेजारणीनं दिलेली झाकलेली वाटी. त्यांनी ती ओट्यावर ठेवली, काळी पडलेली डाळ सिंकमध्ये टाकली आणि पाणी सोडलं. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या रविवारी मी मुद्दाम हिंगाची फोडणी दिली. खालून काही आवाज आला नाही."

त्यानंतर काका तळघरात जायचे थांबले. मोझेलच्या घड्याळाची बॅटरी संपली आणि कोणी घातली नाही. मुलीचा फोन आला की ती समजावायची, "डॅड, ॲट लीस्ट यू आर सेफ," आणि काका "येस, येस" म्हणायचे. जेवताना मीठ आहे, गोड आहे, आंबट आहे एवढंच कळायचं. पुरणपोळी आणि साखर घातलेली भाकरी त्यांना सारखीच होती. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते सभ्य झाले. काकूंच्या प्रत्येक भाजीला "छान झालीय" म्हणायला लागले.

एप्रिलमध्ये काकूंचा मला ऑफिसात फोन आला. त्या कधी ऑफिसात फोन करत नसत.

"अगं, यांच्या त्या नदीचं हवामान तुझ्या कॉम्प्युटरवर दिसतं का?"

मी बघून सांगितलं. तिकडे त्या एप्रिलमध्ये जवळजवळ उन्हाळा उतरला होता. पाऊस नाही, रोज ऊन. काकूंनी दोनदा विचारून नीट समजून घेतलं. पुढच्या रविवारी जेवताना, पोळी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तिकडे एप्रिलमध्ये भारी ऊन पडलंय म्हणे. वेली लवकर फुटल्यात."

काकांचा हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"मला काय कळतं? वाचलं."

काका म्हणाले, "लवकर फुटल्या तर मेची थंडी मारेल."

"मग बघायला नको का तुम्ही?"

ते उठले, हात धुतले आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. पोळ्यांचा डबा बंद केला.

मेची थंडी आली पण वेलींना लागली नाही. आणि जूनच्या एका रविवारी काकू साडीचा पदर खोचून तळघराच्या जिन्यावरून खाली उतरल्या. मागून काका, "अगं कुठे निघालीस?" करत. त्यांच्या मागून मी.

"उघडा एक बाटली," काकू म्हणाल्या.

"कशाला? मला आता त्यातलं काही कळत नाही."

"मला कळतं ना. मी वास घेते, तुम्ही प्या. पिणार नाही हं मी, आधीच सांगते."

काका हसले नाहीत. पण त्यांनी हात लांब करून एक जुनी बाटली काढली, त्र्याऐंशीची. ओतली. काकूंनी ग्लास नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला.

"काय झालं?"

"तुम्ही रागवाल."

"नाही रागवत. सांग."

"रॉकेल," काकू म्हणाल्या. "स्टोव्हमध्ये भरताना यायचा तसा. खराब झालीय का हो?"

काकांनी ग्लास खाली ठेवला. कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "खराब? अगं, वेडी का तू? जुन्या रीसलिंगला तोच वास येतो! सालीवर भरपूर ऊन पडलेलं असलं की येतो. मोठमोठे लोक त्यासाठी जीव टाकतात. अजून सांग."

काकूंनी परत नाक लावलं, या वेळी डोळे मिटून. "कैरी. बाठ न धरलेली, कोवळी." त्यांनी ग्लास जरा हलवला. "आणि... पाटी."

"पाटी?"

"शाळेत ओल्या फडक्यानं पाटी पुसायचो आणि लगेच नाक लावायचो. तो वास."

काका खुर्चीत बसले. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. पण ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "ती सगळी टेकडी पाटीच्या दगडाची आहे," ते मला म्हणाले. "दिवसा ऊन पितो तो दगड आणि रात्री वेलींना ऊब देतो. चाळीस वर्षं मी त्याला जर्मन शब्द वापरला. पाटी! मला कधी सुचलं नाही." मग त्यांनी घोट घेतला आणि जिभेवर घोळवला. "आंबटपणा मी सांगतो. आंबटपणा अजून शाबूत आहे."

तेव्हापासून रविवारचं तळघर दोघांचं झालं. वास काकूंचा, चव काकांची. काकूंनी एका बाटलीला देवघरातली विझलेली समई म्हटलं, एकीला ओलं कुत्रं म्हटलं, आणि काका प्रत्येक वेळी त्या वर्षीच्या ऊन-पावसाशी ते जुळवत बसायचे. २००७ ची नवी बाटली पुढच्या वर्षी आली तेव्हा काकूंनी तिला "हिरवं सफरचंद, पण घाई नाही त्याला" असं म्हटलं. तो उन्हाळा थंड गेला होता आणि द्राक्षं फार सावकाश, पार ऑक्टोबरच्या उन्हात पिकली होती. काकांनी ते वाक्य फोनवर जर्मनमध्ये ओरडून मळेवाल्याच्या मुलाला सांगितलं.

त्या वर्षी, म्हणजे २००८ च्या शरदात, त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आला. लग्न एकाहत्तरचं. एकाहत्तर म्हणजे काकांच्या हिशेबात वर्षांचा राजा: वसंतापासून ऊन, मोजकाच पाऊस, कोरडा, सोनेरी ऑक्टोबर. त्या वर्षाची एकच बाटली त्यांच्याकडे होती, सगळ्यात खालच्या खणात, आणि ती उघडायचं त्यांनी ठरवलं. दुपारी आम्ही दोघं गेलो. काकूंनी श्रीखंड केलं होतं. बाटली पहिल्यांदाच तळघरातून वर, जेवणाच्या टेबलावर आली. काकांनी बूच काढायला इतका वेळ लावला, की माझ्या नवऱ्यानं श्वास रोखून धरला होता.

रंग जुन्या मधासारखा. काकूंनी ग्लास नाकाशी नेला.

मग परत एकदा नेला. काका टेबलावर पुढे झुकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, लहान मुलासारखे.

"गुलाब," काकू म्हणाल्या. "गुलाबपाणी. आणि मध. आणि चंदनाच्या पेटीत ठेवलेला शालू असतो ना, तो उघडल्यासारखं."

काकांनी डोळे मिटले आणि घोट घेतला. "गोडी आहे," ते पुटपुटले. "आंबटपणा आहे. सगळं आहे."

मी माझा ग्लास उचलायला गेले तर काकूंनी माझा हात धरला. "तू नको. तुम्हाला ड्राइव्ह करायचंय," आणि ग्लास उचलून आत नेला. मी मागोमाग गेले. सिंकशी त्यांनी तो ओतायच्या आत मी नाक लावलं. बंद गोदामात भिजून सडलेल्या पोत्याचा वास. बुचाला बुरशी लागली की वाईनला हाच पोत्याचा वास येतो, आणि मग त्यात काहीच उरत नाही, हे मी काकांकडूनच शिकले होते.

"पोत्याचा आहे ना गं?" काकू हलक्या आवाजात म्हणाल्या.

"हो."

"सदतीस वर्षं जपली त्यांनी. काय सांगणार होते मी?" त्यांनी नळ सोडला.

मी बाहेर आले. नवरा फोनवर बोलत मागच्या डेकवर गेला होता. काका एकटेच टेबलाशी बसून बाटली उजेडात धरून बघत होते.

"बूच गेलेलं होतं ना?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"एवढी जुनी रीसलिंग आणि ही रॉकेल म्हणाली नाही. आणि गुलाब? हिनं आजवर एकाही बाटलीला फुलाचं नाव दिलेलं नाही. कुत्रं म्हणेल, पण फूल नाही."

"मग प्यायलात कशाला?"

"जिभेला काही कळत नाही मला पोत्याचं," ते म्हणाले. "गोड लागली, आंबट लागली. बाकीचं तिनं सांगितलं तसं."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय कुजबुज चाललीय?"

"काही नाही. एकाहत्तर कसं होतं ते सांगतोय हिला." काकांनी आपला रिकामा ग्लास पुढे केला. "अजून थोडी घाल गं. आणि परत एकदा वास घे. त्या गुलाबाचं मला नीट सांग."

काकूंनी ओतली. ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले आणि सावकाश सांगायला लागल्या.